चार बोटं उघडणारी खिडकी

कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतातल्या एका लहान शहराच्या रुग्णालयात स्टेफी डुचाक एकतीस वर्षं समाजसेविका होती. डॉक्टर बातमी सांगून निघून जात. त्यानंतर खोलीत जे उरे, ते स्टेफीच्या वाट्याला येई. माणसं तिच्यावर ओरडत, तिच्या गळ्यात पडून रडत, आणि महिन्याभरानं दुकानात दिसली की तोंड चुकवत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. आपल्या सर्वांत वाईट दिवसाचा साक्षीदार बटाट्यांच्या ढिगापाशी भेटावा, असं कुणाला वाटेल?

जानेवारीतल्या एका सकाळी सव्वानऊला म्हातारा वसिल वोलोशिन वारला. त्याची बायको पराश्का कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन पलंगाशी बसली होती. त्याला न्यायला माणसं आली तशी ती म्हणाली, "आधी खिडकी उघडा. त्याशिवाय हात लावायचा नाही."

स्टेफी काय, पराश्का काय, दोघींच्या युक्रेनी घरांत माणूस गेला की खिडकी उघडतात, जीवाला वाट मिळावी म्हणून. आजी गेली तेव्हा स्टेफीनं स्वतःच उघडली होती. पण इथल्या खिडक्या हीटिंग नवं बसवलं तेव्हा कायमच्या बंद केलेल्या. बाहेर उणे बत्तीस अंश.

"दार उघडंच आहे की, आजी," नर्स जोसेलिन हळूच म्हणाली.

"दारातून? या तुमच्या भुलभुलैयातून? साठ वर्षांत त्याला स्वतःचे मोजे सापडले नाहीत, पोरी!"

स्टेफीनं देखभाल विभागात लिओनार्डला फोन लावला.

"खिडकी? अर्ज भर. तीन दिवस लागतात."

"अरे, माणूस मेलाय."

"मग त्याला कसली घाई?" असं बोलून गेल्यावर लिओनार्डचा आवाज खाली आला. "टोकाच्या बैठकीच्या खोलीतली एक उघडते. चार बोटं. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

नियमाप्रमाणे प्रेत झाकून मागच्या लिफ्टनं न्यायचं. स्टेफी आणि जोसेलिननं पलंगच भर नाश्त्याच्या वेळी कॉरिडॉरमधून ढकलत नेला. चेहरा न झाकता, कारण पराश्काचा हात त्याच्या गालावर होता. एका दारात कुणीतरी टोस्ट खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

स्टेफीनं खिडकी ओढली. थंडी सुरीसारखी आत आली.

"जा, वसिल," पराश्का म्हणाली. मग एकदम कासावीस होऊन, "अगं बाई, याची कानटोपी घरीच राहिली."

दहा मिनिटांनी तिनं स्वतःच खिडकी लावायला सांगितलं. माणसं वसिलला घेऊन गेली. पराश्का पर्स घट्ट धरून उभी राहिली.

"आता मी काय करायचं?"

तेव्हा स्टेफीला आपली चूक कळली. म्हातारीकडे नवऱ्यासाठी करायचं एकच काम उरलं होतं, आणि एकतीस वर्षांच्या अनुभवानं तिनं ते अर्ध्या तासात उरकून दिलं होतं. रुग्णालयाशी संध्याकाळपर्यंत भांडू दिलं असतं, तर संध्याकाळपर्यंत ती कुणाची तरी बायको राहिली असती.

"आता काहीच करायचं नाही, पराश्काकाकू. बसा."

"तू जा गं. तुला कामं असतील."

"आहेत," स्टेफी म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसली.