लग्न नाही तर चौक नाही

नव्वदच्या दशकात मी नाशिक रोडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. नोटा छापणाऱ्या प्रेसच्या क्वार्टर्समधली आमची मुलं कागद हातात आला की दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढत. मला त्या सूर्याचा अगदी वीट आला होता. पिंपळगावला द्राक्षबागेत कामाला येणाऱ्या पेठकडच्या एका वारली मावशींना मी गळ घातली, आमच्या वर्गाची भिंत रंगवायला या म्हणून.

भिंतीला गेरू लावायचं काम विज्ञानाच्या सरांनी अंगावर घेतलं, आणि निम्मा गेरू अंगावरच घेतला. मावशींनी तांदळाचं पीठ कालवलं, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला केला आणि मुलांना शेत, बैल, नाच काढायला शिकवलं. मधोमध मला हवा होता लग्नाचा चौक, आत देवी बसते तो.

"लगीन कोनाचं हाय?" मावशींनी विचारलं.

"कुणाचंच नाही. मुलांना दाखवायचाय."

"मंग नाय काढायचा. लगीन असंल तवाच देवी बसती."

हेडसरांना भिंत पुरी व्हायची घाई. म्हणाले, "आमच्या ह्या बाईंचं लावून देऊ की." वर्ग हसला. मावशींनी मात्र ते मनावर घेतलं. मधली जागा कोरी सोडून म्हणाल्या, "ठरलं का निरोप धाड, पोरी."

पुढे कितीतरी वर्षं ती जागा माझ्या मानगुटीवर बसली. पालकसभेला आलेल्या आया आधी भिंतीकडे बघत, मग माझ्याकडे. घरच्यांनी स्थळं आणणं सोडलं, भिंतीने काही पिच्छा सोडला नाही. खरं तर मला लग्न करायचं होतं. कुणाशी, तेही ठरलं होतं. फक्त त्या माणसाला सांगायचा धीर होत नव्हता.

तो माणूस दर पावसाळ्यानंतर विज्ञानाचा तास संपवून गेरूची बादली घेऊन पोपडे बुजवायला यायचा. एका वर्षी बादली खाली ठेवून म्हणाला, "ही जागा अशीच ठेवायची?"

"लग्न असेल तरच भरायची, असा नियम आहे."

"मग निरोप धाडू या का?"

मावशी दोन सवाष्णींना घेऊन आल्या. गाणी म्हणत तिघींनी चौक काढला, देवी बसवली. मी मुलांदेखत रडले. हात धुताना मावशींनी नवरदेवाला नीट न्याहाळलं.

"हे तर तवा बी इथंच व्हते ना?" त्या मला म्हणाल्या. "मंग येवढी वर्सं माझ्या देवीला का ताटकळत ठेवलं?"