नकाशावर नसलेला झरा

कुणी जंगल तपासून आल्याचा रिपोर्ट टेबलावर ठेवला, की दादा तो लगेच वाचत नसत. आधी वाकून आणणाऱ्याचे बूट बघत. बूट कोरडे असले तर कागद तसाच परत. "ड्राय बूट्स, नो सिग्नेचर," एवढं म्हणून पुन्हा आपल्या चहाकडे वळत. तुमच्याही ऑफिसात असा एखादा खवट माणूस असेल. सगळे त्याला हसतात, आणि अडलं की त्याच्याकडेच धाव घेतात. आमच्या ऑफिसातले हे दादा गेल्या नोव्हेंबरात हार्ट अटॅकने गेले.

आमचं ऑफिस बर्मिंगहॅमला, सरकारी जंगलांचं. वेल्सच्या हद्दीजवळच्या डोंगरात तोड कुठे आणि किती करायची ते आम्ही ठरवायचं, लाकूड परवाना असलेल्या कंपनीने न्यायचं. मी नकाशे करते. ते तीस वर्षं तपासनीस होते. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणायचे. बुद्धविहारातली सवय, म्हणायचे. मी त्यांना दादा म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला माझ्या नाजूक बुटांसकट जंगलात नेलं. हिरवंगार शेवाळ दिसलं म्हणून मी कौतुकाने त्यावर पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. हात द्यायचं सोडून दादा पोट धरून हसले. "काँग्रॅच्युलेशन्स, ताई! ऑफर लेटर एचआर देतं. अपॉइंटमेंट ही अशी होते." मग पिशवीतून स्वतःचे जाड मोजे काढून दिले. ते मी कधी परत केले नाहीत.

त्याच दिवशी त्यांनी झरा दाखवला. उतारावर, दाट झाडीत, परातीएवढी जागा. तिथून एक जुना पाइप खालच्या दगडी घरात जायचा. त्या घरात ग्वेन नावाची ऐंशी ओलांडलेली बाई एकटी राहायची. सार्वजनिक नळाचं पाणी त्या खोऱ्यात आलेलंच नाही. तिचं पिणं, धुणं, चहा, सगळं या झऱ्यावर. आसपास तोड निघाली की दादा आदल्या दिवशी जाऊन झऱ्याभोवतीच्या झाडांना फीत बांधून यायचे. फितीच्या आत झाडं तोडायचं यंत्र जात नसे.

ग्वेनच्या स्वयंपाकघरात चहात बिस्किट बुडवत ते सहज म्हणाले, "आमची आजी विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची, ताई. कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेल म्हणून. कधी दुपार व्हायची. कुणाचं पाणी दुसऱ्याच्या मूडवर सोडू नये." बिस्किट तुटून कपात पडलं, ते चमच्याने काढण्यात गुंतले.

मी विचारलं, "मग हा झरा मॅपवर का नाही?"

"मी आहे ना," ते म्हणाले.

हे त्यांचं पालुपद होतं. वाट खचली, पूल हलतोय, कुठलं झाड धोक्याचं आहे, सगळ्याला उत्तर एकच. आम्हालाही ते सोयीचंच होतं, खोटं कशाला बोला.

मग धोरण बदललं. तपासणी, रस्ते, नवी लागवड, तक्रारी, सगळं परवानाधारक कंपनीकडे. आम्ही फक्त त्यांनी भरलेले फॉर्म जपून ठेवायचे. कुंपणानेच शेत राखायचं आणि शेत खाल्लं का तेही कुंपणानेच कळवायचं, असा मामला. मीटिंगमध्ये दादांनी हात वर केला. "हू वॉक्स द ग्राउंड नाऊ?" मॅनेजर म्हणाला, "दे डू." "अँड हू चेक्स?" "दे सेल्फ-सर्टिफाय." कुणीतरी हसलं. दादांनी हात खाली घेतला.

त्यांची पोस्ट गेली. शेवटच्या आठवड्यात ते माझ्याकडे एक चिठ्ठी घेऊन आले. झऱ्याची जागा लिहिलेली होती. "ताई, एक डॉट टाका फक्त."

मी म्हणाले, "दादा, मॅप आता कंपनीच्या रिक्वेस्टशिवाय बदलता येत नाही. मी ईमेल करते त्यांना."

खरं सांगते. नकाशा बदलायचा माझा पासवर्ड शुक्रवारपर्यंत चालू होता. तो ठिपका टाकायला मिनिट लागलं नसतं. पण माझा व्हिसा याच नोकरीवर, उद्या कुणी विचारलं तर, या भीतीने मी ईमेल केला. उत्तर आलं, नोंद घेतली आहे. मला हायसं वाटलं. या हायसं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

फेब्रुवारीत यंत्र आलं आणि नकाशात मोकळ्या दिसणाऱ्या त्या जागेवरून गेलं. ग्वेनच्या नळाला आठवडाभर गढूळ पाणी आलं, मग तेही बंद झालं. कंपनीच्या फॉर्ममध्ये पाण्याचा स्रोत बाधित नाही, असं लिहिलेलं. कंपनी म्हणाली, झरा नकाशात नव्हता. आम्ही म्हणालो, ही परवानाधारकाची जबाबदारी. कौन्सिल म्हणाली, पाणी खासगी आहे. प्रत्येक पत्र नियमाला धरून होतं. दादा दर शनिवारी गाडीत पाण्याचे कॅन भरून तिच्याकडे जात राहिले, पण ऐंशीची बाई कॅनवर किती दिवस काढणार? एप्रिलमध्ये भाच्याने तिला केअर होममध्ये नेलं. घराला कुलूप लागलं.

मेमध्ये दादांचा फोन आला. "येता का, ताई? खणायला दोन हात कमी पडतात." मी माझ्या गाडीने गेले. ते चाकोऱ्यांच्या चिखलात गुडघे टेकून खणत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "पण आता ती तिथे राहतच नाही." "पाणी आलं तर परत येईल," ते म्हणाले. मी ईमेलबद्दल बोलायला लागले, तर मला थांबवलं. "तुमचं काही चुकलं नाही. तीस वर्षं 'मी आहे ना' म्हणत बसलो. मॅपवर टाकलं असतं तर माझी गरज राहिली नसती. तेवढा माज होता मला."

तेवढ्यात पिवळ्या जॅकेटातला कंपनीचा माणूस वर आला. वाईट नव्हता बिचारा. परवानगीशिवाय इथे थांबता येत नाही, रिपोर्ट करावा लागेल, म्हणाला. मग माझ्या अंगातल्या आमच्या खात्याच्या कोटाकडे बघून विचारलं, "इज ही विथ यू?"

कंपनीला न कळवता आमच्यापैकी कुणी जंगलात पाऊल टाकणं आता नियमाबाहेर होतं. दादांना ते ठाऊक होतं, माझ्या व्हिसाचंही ठाऊक होतं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "नो, नो. आय डोंट नो धिस लेडी. शी लॉस्ट हर वे."

त्या माणसाने फोनमध्ये नाव लिहून घेतलं, फक्त त्यांचं. स्पेलिंग चुकलं ते दादांनी दोनदा शांतपणे सुधारून दिलं. मग तो त्यांना गेटकडे जायची वाट दाखवू लागला. दादा चिखलाचे हात पँटला पुसत उतरले. एकदाही मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर ओळख पटली असती. मी कुदळीशेजारी उभी होते. हाक मारावी, नुसतं दादा म्हणावं, असं वाटत होतं. ते झाडांआड दिसेनासे होईपर्यंत मी उभी राहिले, आणि हाक मारली नाही.