वाघदेवाच्या वळणावरचा हॉर्न

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. आईला रोज फोनवर सगळं सांगते, भाजी कुठली केली इथपासून, पण हे नाही. दोन वर्षं झाली. आणि खरं सांगू? मला अजून धक्का बसतो तो अपघाताचा नाही. माझ्या तोंडाचा बसतो. माझं तोंड असं काही बोलू शकतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

थांबा. आधी गाडीचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

मी मूळची शहाद्याकडची. सगळा सपाट मुलूख, केळी आणि कापूस, रस्ते फुटपट्टीने आखल्यासारखे. नोकरी लागली ती मात्र मोलगीच्या वर, डोंगरातल्या एका आश्रमशाळेत. विज्ञान शिकवते. राहते शाळेतच; पहिले काही महिने मोलगीला जीपने ये-जा केली. जीप म्हणजे काय, ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली हे कधी ठरतं ते फक्त ड्रायव्हरला माहीत. शेवटी वैतागले आणि वडिलांची जुनी मोटरसायकल वर आणली. सरळ रस्त्यावर मी एकदम राणी. पण वळण आलं की खलास. खांदे आखडायचे, ब्रेक आपोआप दाबला जायचा, आणि नजर—नजर थेट दरीत. एकदा तर दोन्ही पाय जमिनीवर घासत, सायकल शिकणाऱ्या पोरीसारखं वळण घेतलं. लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या बाया हसून हसून रस्त्यातच बसल्या. हसणारच की.

मला वळणं शिकवली ती दित्यादादाने. आमच्या आश्रमशाळेचा स्वयंपाकी. पन्नाशीचा, काटक, फारसं न बोलणारा. घरी त्याची बोली पावरी, माझी अहिराणी, आणि दोघं मिळून मराठीत बोलायचो—त्याची मराठी जपून पावलं टाकणारी. इकडची जुनी माणसं सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, मोठा साहेब आला तरी. मला पहिल्यांदा ते टोचलं होतं. नंतर इतकं आवडायला लागलं की दुसऱ्या कुणी 'मॅडम, तुम्ही' म्हटलं की परकं वाटायचं.

शाळा सुटली की तो माझ्या मागे बसायचा आणि आम्ही घाटात खाली-वर करायचो. काय धाडस म्हणायचं त्या माणसाचं! वेग वळणाच्या आधी कमी कर, वळणात नाही. गिअर आधीच उतरव. ब्रेकवरचा हात सोड. दरीकडे बघू नको, बघशील तर गाडी तिकडेच जाईल. वळण जिथं सुटतं, तिथं बघ. गाडी कलली तर तिच्याबरोबर कल, भांडू नको तिच्याशी. चार महिने हे एवढंच. एकदाही चिडला नाही. मी मात्र चिडायचे. वळण चुकलं की गाडीला शिव्या, रस्त्याला शिव्या, बांधकाम खात्याला तर विचारू नका.

त्याच्या कानांचं सांगायला हवं. पुढचं सगळं त्या कानांवरच आहे. दरीपलीकडून एखादा हॉर्न आला की तो चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायचा, ही अमक्याची जीप, आज जड भरलेली आहे. पोरं पळत जाऊन बघून यायची. कधी चुकला नाही. दुसऱ्या कशाचा त्याला गर्व नव्हता. या एका गोष्टीचा होता, आणि तो त्याला शोभायचा.

तर—वाघदेवाचं वळण. मोलगीकडे उतरताना डोंगराचं नाक पुढे आलंय, तिथं रस्ता उजवीकडे असा वळतो की पलीकडचं काहीच दिसत नाही. उजव्या हाताला कातळ, डाव्या हाताला दरी. वळणावर शेंदूर लावलेला वाघदेव आहे. तिथं येणारा-जाणारा प्रत्येक जण दोनदा हॉर्न मारतो. देवाला राम राम. दित्यादादाने मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, की हा नुसता राम राम नाही. पलीकडे कुणी असेल तर तोही दोनदा मारतो, आणि मग दोघंही आपापली कड धरून दमाने येतात. पलीकडून काही आलं नाही, तर वळण मोकळं. गाडी निवांत मधून घे, कारण कडेला खडी असते.

मी विज्ञानाची बाई. दगडाला कसला हॉर्न मारायचा? तो मागे बसलेला असला की मारायचे, त्याला बरं वाटावं म्हणून. एकटी असले की नाही मारायचे. त्यात मला कुठंतरी मोठेपणा वाटायचा. आता हे लिहायला नको वाटतंय, पण वाटायचा.

त्या दिवशी मोलगीचा बाजार होता. दित्यादादा सकाळीच त्याच्या गाडीवर भाजी आणायला खाली गेलेला. मी दहाच्या सुमाराला निघाले, काही कागदांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्या दिवशी मला वळणं यायला लागली. एक आलं, दुसरं आलं, तिसरं. खांदे सैल. नजर बरोबर पुढे. गाडी कलतेय, उठतेय, परत कलतेय. चार महिन्यांत पहिल्यांदा मला घाटाची भीती नव्हती. मी गाडीवर मोठ्याने हसत होते, एकटीच, वेड्यासारखी.

मग वाघदेव आला. दुसरा गिअर. नजर वळणापलीकडे. गाडी कलायला लागली.

आणि खालून हॉर्न आला. दोनदा.

ऐकू आला मला. वाऱ्यात हरवला असेल, इंजिनाच्या आवाजात बुडला असेल, असं काहीही झालं नाही. स्वच्छ ऐकू आला. कुणाचा तेही कळलं—दित्यादादाच्या गाडीचा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा, साऱ्या शाळेला ओळखू यायचा. माझा डावा अंगठा बटणापासून किती लांब होता? बोटभरसुद्धा नाही. मी मारला नाही.

का? मी स्वतःला हे इतक्यांदा विचारलंय. उत्तर इतकं फालतू आहे की सांगायची लाज वाटते. उत्तर दिलं असतं तर मला हळू व्हावं लागलं असतं. कड धरावी लागली असती. आणि ते वळण, ज्याने मला चार महिने रडवलं, ते पहिल्यांदा झकास येत होतं. मला ते सोडायचं नव्हतं. एवढंच. याच्या पलीकडे काही नाही.

नाकावरून वळले तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध होते. तोही मधोमध. का नसणार? वळण मोकळं होतं त्याच्या हिशेबाने. त्याने मला पाहिलं आणि क्षणभरही न थांबता गाडी कातळाकडच्या गटारीत घातली. रस्ता सगळा मला सोडला. मी दरीच्या कडेने निसटून पुढे गेले. मागे गाडी घासत गेल्याचा आवाज आला, आणि मग टोमॅटो—माझ्या पुढून उतारावर टोमॅटो घरंगळत चालले होते. ते मी आधी पाहिले. मग थांबले.

त्याचा उजवा पाय गाडीखाली होता. नडगी जिथं वाकायला नको तिथं वाकलेली. 'हाई काय करी बठनी मी'—हे काय करून बसले मी, एवढंच डोक्यात वाजत होतं, आईच्या बोलीत. गाडी उचलायला गेले तर ती जागची हलेना. तेवढ्यात खालून बाजाराची जीप आली, माणसं उड्या टाकून उतरली, दोघातिघांनी गाडी उचलली. ड्रायव्हरने आमच्याकडे बघून विचारलं, की वाघदेवाला हॉर्न कुणी मारला नाही का?

माझं तोंड उघडलं. मी विचार केला नव्हता. शपथेवर सांगते, एक शब्दसुद्धा ठरवला नव्हता.

"मी मारला होता," मी म्हणाले. "दोनदा."

सगळे दित्यादादाकडे बघायला लागले. आता तो म्हणेल, खोटं, काही वाजलं नाही—मी वाट बघत होते त्याची. त्याने म्हणावं असं वाटत होतं का? नाही. खोटं कशाला बोलू. त्याने म्हणू नये असंच वाटत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. घामाने डबडबलेला, ओठ पांढरे पडलेले.

"बाई खोटं नाय बोलणार," तो म्हणाला. "मलाच ऐकू नाय आलं."

पाय जुळला, थोडा आखूड. लंगडतो. पण पायाचं त्याने कधीच काही मनाला लावून घेतलं नाही. त्याने लावून घेतले ते कान. दरीपलीकडे हॉर्न वाजला की पोरं त्याच्याकडे बघायची आणि तो मान खाली घालून पीठ मळत बसायचा. सांगायचाच बंद झाला. गाडी त्याने परत चालवली नाही. बहिरा माणूस घाटात कुणाला तरी मारेल, म्हणाला. ती त्याच्या अंगणात उभी आहे, सीटवर कोंबड्या बसतात. तो पहाटे निघून चालत शाळेत येतो. त्या पायाने.

मग त्याच्या बायकोने त्याला ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत, तरुण पोराचे असावेत असे. त्याने येऊन मला हे सांगितलं. आता कळणार. कान चांगले, म्हणजे हॉर्न वाजलाच नव्हता, यापलीकडे दुसरा अर्थ काय निघतो? कुणीही काढेल. पण त्याने काढला नाही. त्याने वेगळाच काढला. कान चांगले आणि तरी ऐकू आलं नाही, म्हणजे वाघदेवाने त्या दिवशी कान झाकले. आपल्याच हातून देवाचं काहीतरी चुकलंय.

त्याने वळणावर पूजा ठेवली. कोंबडा दिला, मोहाच्या दारूची धार सोडली. पाड्यातली माणसं आली होती, मलाही बोलावलं होतं. पूजा झाल्यावर सगळ्यांसमोर तो माझ्यापुढे आला आणि त्याने हात जोडले. माझ्यापुढे! "बाई, तू त्या दिवशी दरीत गेली असती. माझ्यामुळं." तेव्हा तरी बोलायचं होतं ना? तेवढी माणसं होती, देव होता, तो होता. मी त्याचे हात धरून खाली केले आणि म्हटलं, असू दे दादा. असू दे म्हणाले मी त्याला. माफ केल्यासारखं. मग पंगतीत बसले आणि जेवले. पहिलं ताट मला, कारण जीव माझा वाचला होता.

आता मी त्या वळणावर दर वेळी हॉर्न मारते. चार वेळा. त्याने सांगितलं होतं, मी तर चालत येतो, माझ्या नावाचे दोन तू मारत जा. शाळेतून तो आवाज ऐकू येतो. तो चुलीपाशी बसून दर वेळी ऐकत असतो, हे मला माहीत नव्हतं.

परवा संध्याकाळी मी मोलगीहून परतले तर तो भटारखान्याच्या दारात उभा होता, पिठाच्या हातांनी. हसत होता. दोन वर्षांत त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"चार," तो म्हणाला. "महिनाभर मोजतोय, एक पण नाय चुकला. देवानं कान परत दिले, बाई."

मी म्हणाले, बरं झालं दादा. आणि हात धुवायला गेले.

त्याचे कान कधी गेलेच नव्हते. त्या दिवशी त्याने हॉर्न मारला होता. मी मारला नव्हता.