काठ खाली करणारी वहिनी

स्कूबा डायव्हिंगसाठी बोट कशी बघावी, असं विचारलं की लोक सावलीचं बोलतात, हवेच्या टाक्या ठेवायच्या जागेचं बोलतात, इंजिनाचं तर फारच बोलतात. मी एवढंच विचारते, की पाण्यातून परत आत कसं यायचं? माझा डावा गुडघा वाकत नाही. कामावरून सालवडला घरी येताना स्कूटरला अपघात झाला, त्यात डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो सरळच राहिला. पाय राहिला हेच पुष्कळ.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्याबरोबर काम करणारी मंडळी दर हिवाळ्यात मालवणला डायव्हिंगला जातात. एकदा त्यांनी मलाही नेलं आणि मी त्या पाण्याची होऊन गेले. खाली पायाला वजनच नसतं. फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंख, कमरेतून मारायच्या असतात, तिथे ताठ पाय उलट कामाला येतो. जमिनीवर सगळ्यांच्या मागे रेंगाळणारी मी खाली पुढे निघून जायचे. त्या पाण्याने मला काय दिलं, ते मला नीट सांगताही येणार नाही.

पण वर यावंच लागतं. बोटीची शिडी उभी, आणि गुडघा वाकवल्याशिवाय तिच्यावर चढता येत नाही. मग दोघं जण बखोट धरून मला आत ओढायचे. माणसं भली होती, जपून ओढायची. पण जाळ्यातून ओतलेल्या मासळीसारखी मी फळीवर पडायचे, वरून हसायचे आणि आतून जळायचे. शेवटी मनाशी ठरवलं, आपल्या आपण आत येता येईल अशी बोट मिळाली तर मिळाली, नाहीतर डायव्हिंग बंद.

हे मी माहेरी बोलून बसले. माहेर तारापूरजवळ, खाडीच्या काठी. दादा मासेमारी करतो आणि वहिनी बोईसरच्या बाजारात मासे विकते. दादाने लगेच सूत्रं हातात घेतली.

"मालवनला फोन मागनं कर, बाय. तुला कसली बोट लागते ती आदी हितं बगू."

रविवारी भरतीच्या वेळी त्याने मला धक्क्यावर नेलं आणि मोठ्या अभिमानाने तिथली सगळ्यात उंच बोट दाखवली. पाण्यातून तिचा काठ गाठायला मला पंख लागले असते.

"हिच्यात पान्याचा थेंब येत नाय," तो म्हणाला.

चूक त्याची नव्हती. आमच्या घरात बोटीची पारख यावरच होते, की समुद्र बाहेर राहतो की नाही. बोटीतून माणूस पाण्यात गेला, ही आमच्याकडे फक्त वाईट बातमी असते. हौसेने उडी मारून परत यायची वाट विचारणारं माणूस दादाने जन्मात पाहिलं नव्हतं.

"दादा, मला पाण्याबाहेर ठेवणारी नको. पाण्यातून आत घेणारी पाहिजे."

"आमी जलम काढला पान्यात पडू नये म्हनून," तो वहिनीला म्हणाला, "नि ही पडायची सोय बगते." वहिनी धक्क्यावर बसून हसत होती.

कुरकुरत का होईना, त्याने खाडीत फिरायची छोटी होडी सोडली. मी फिन्स घालून पाण्यात उतरले. पाय मारले, छाती काठावर टेकवली आणि घसरून परत पाण्यात. पुन्हा मारले, पुन्हा घसरले. दादाने हात पुढे केला, तो मी झिडकारला. धक्क्यावर टोपल्या खाली ठेवून बायका बघायला लागल्या होत्या. माझे दंड थरथरायला लागले आणि मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन फिन्स कुणाला तरी देऊन टाकायच्या.

"थांब," दादा म्हणाला. "होडीच खाली घेतो." तो माझ्या बाजूच्या काठावर येऊन बसला. काठ थोडा झुकला, पण दादा म्हणजे सुकलेला बोंबील. "माज्या एकट्याचं वजन नाय पुरत," त्यानेच कबूल केलं आणि धक्क्याकडे पाहिलं.

माझं सोडलं, तर आमच्या घरात बायका बोटीवर चढत नाहीत. कुणी कधी मनाई केली असं नाही. समुद्र पुरुषांचा आणि बाजार बायकांचा, असंच चालत आलं. वहिनीने उभा जन्म दादाची मासळी विकली, पण होडीला पाय लावला नव्हता. ती उठली आणि लुगडं खोचलं.

"माजं वजन कवातरी कामाला येईल म्हनत व्हते," ती धक्क्यावरच्या बायकांना म्हणाली, आणि दादाचा खांदा धरून होडीत उतरली.

ती दादाशेजारी बसली आणि काठ पाण्याला टेकायला आला. मी जोरात पाय मारले आणि पोटावर घसरत आत आले. माझी मीच आले. नाक वहिनीच्या पायाशी आणि तोंडात खाडीचं पाणी होतं, आणि मी रडत होते. वहिनी म्हणाली, "आता उठ, लोकं बगतात."

त्याच संध्याकाळी मालवणला फोन केला. छोटी होडी हवी, काठ खाली असलेली, आणि एका बाजूला बसायला माणसं हवीत. एक माणूस आम्ही आणू, असंही सांगितलं. मासेमारीचे दिवस सोडून दादाला येता येईना. वहिनीने बाजारातली जागा शेजारणीवर सोपवली आणि माझ्याबरोबर गाडीत बसली.

मालवणला डायव्ह संपवून वर आले तेव्हा होडी जवळच होती. वजनाचा पट्टा आणि टाकी मी नावाड्याच्या हाती दिली. सोबतचे लोक सरकून एका बाजूला आले. त्यांच्या मधोमध, लुगड्यावर नारिंगी लाईफ जॅकेट घालून, वहिनी बसली होती. तिला पोहता येत नाही, आणि पाणी तिच्या अगदी कमरेशी आलं होतं. मला ओढायचं नाही, असं मी तिला बजावलं होतं. म्हणून तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून मांडीखाली दाबून धरले होते.

"ये," ती म्हणाली.

मी पाय मारले आणि आत आले.