दरीपलीकडची गोळी

आमच्या लोवरोच्या तोंडी लागायचं नाही, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक. खाणावळीत कुणी चुकून म्हणालं, "दरीच्या या अंगावरून त्या अंगाचं हरीण पाडलं," की हा टेबलावर मूठ आपटायचा. "लांबून धोंडे तर पोरंही मारतात! पोटावर सरपटत जा, त्याचा वास नाकात येऊ दे, मग चाप ओढ!"

गेल्या हिवाळ्यात त्याचा गुडघा गेला. तेव्हापासून उतरताना हा गुडघ्याला शिव्या देतो आणि चढताना गुडघा ह्याला. शरदात हरणांचे नर माजावर येऊन ओरडू लागले, तसा हा बंदुकीवर नवी दुर्बीण चढवून गुपचूप निघाला. गुपचूप कसलं! दुर्बिणीचं खोकं त्याच्या बायकोला, झोफ्काला, चुलीमागं सापडलं होतं. आता झोफ्काला कळलं म्हणजे झालंच की.

कड्यावर आडवं पडून त्यानं समोरच्या उतारावरच्या थोरल्या नरावर गोळी झाडली. लागली, पण मागं, पोटात. नर कोलमडला, गवतावरून घसरत हद्दीचा दगड ओलांडून खाली गेला आणि देवदारांत अडकला. शिंगं तेवढी दिसत होती. ती हलत होती.

दगडाखालचं रान शेजारच्या शिकारी मंडळाचं. तिथं पडेल ते त्यांचं, आणि तिथं आपण गोळी झाडायची नाही. त्या मंडळाचा म्होरक्या म्हणजे झोफ्काचा भाऊ ब्लाझ. त्याचं घर त्या देवदारांच्या उताराच्या अगदी पायथ्याशी.

लोवरोनं दोनदा उठून पाहिलं. गुडघ्यानं दोनदा खाली बसवलं. उतरायला दुपार झाली असती. तिकडं शिंगं पुन्हा हलली. त्यानं दुर्बिणीला, ती विकणाऱ्याला, स्वतःच्या आईलासुद्धा शिव्या घातल्या आणि फोन लावला.

"ब्लाझ, दगडाखाली नर पडलाय. जिवंत आहे. पळ!"

"कुणी मारला, दाजी?"

"पळ म्हणतो ना!"

"पळतोय. पण तुम्ही कुठं आहात?"

लोवरोचे दात करकरले. "वरच्या कड्यावर."

ब्लाझ धापा टाकत म्हणाला, "दरीच्या त्या अंगाला?"

"हो, त्या अंगाला! गावभर दवंडी पिट, पण आधी त्याला हालांतून सोडव, मेल्या!"

थोड्या वेळानं एकच बार झाला. दुर्बिणीतून लोवरोनं पाहिलं: ब्लाझनं देवदाराची डहाळी मोडली, नराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवली आणि टोपी काढून उभा राहिला. ते काम मारणाऱ्याचं. लोवरोनं बंदूक गवसणीत अशी कोंबली की शिवण उसवली.

संध्याकाळी ब्लाझ कलेजी घेऊन दारात. "घ्या दाजी. शिंगं आमच्याकडं, कलेजी मारणाऱ्याची. आणि ही मारणाऱ्यानं टोपीत खोवायची मानाची डहाळी."

"डहाळी चुलीत घाल."

"आणि कलेजी?"

"ती ठेव आणि चालता हो!"

झोफ्कानं ती कांद्यावर परतली. लोवरो एकेक घास चावून खात होता, जणू कुणाचा तरी सूड घेतोय.

रविवारी खाणावळीत सुतार मात्येव फुशारला, "काल दरीपलीकडच्या हरणावर बार टाकला! चुकली गोळी, पळून गेलं." सगळ्यांच्या माना लोवरोकडं. ब्लाझ तर पेला खाली ठेवून हसायच्या तयारीतच बसलेला.

लोवरोची मूठ आपटली, पेले नाचले.

"चुकली कशावरून? पलीकडं जाऊन रक्त शोधलंस?"

"एवढं लांब कोण जातं? तुम्ही गेला होतात का?"

"नव्हतो गेलो, गाढवा! म्हणूनच विचारतोय. ऊठ! ब्लाझ, माग काढायला तुझा कुत्रा घे."