माळवदाखालची काठी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे केदारखेड्यात, आमच्याच गावातल्या एका घराच्या माळवदावर पाणी ओतणं. मी वर घागर घेऊन, बायको खाली घरात काठी घेऊन. जन्मभर आमची हीच रीत. मातीचं छत चोपून झालं की मी कोपऱ्याकोपऱ्यात पाणी ओतायचो अन् ती खालून छताच्या फळ्यांकडं बघत बसायची. कोरडं असलं तर काठीचा एक ठोका, ओल दिसली तर दोन. दुसरे कारागीर वरूनच 'झालं' म्हणून निघायचे. आमच्यात 'झालं' म्हणायचा हक्क तिच्या काठीचा. म्हणून तर पार घनसावंगीहून आम्हाला बोलावणं यायचं. छताचं काम करणाऱ्याला मी एकच सांगतो, गिऱ्हाइकाच्या घरात खाली जाऊन बस. पण हे माझं डोकं न्हाई, तिचं.

त्या दिवशी शेवटच्या कोपऱ्यात दोन ठोके आले. मी तणतणत खाली उतरलो. घर एका मुसलमान बाईचं. पोरीचं लग्न चार दिवसांवर, वळवाचे ढग रोज जमून येत होते, अन् नेमकी त्याच कोपऱ्याखाली पोरीच्या नव्या कपड्यांची पेटी.

“कुठंय पाणी? थेंब तरी पडला का?”

“थेंब न्हाई. फळी काळी पडून राह्यली. हात लावून बघा.”

बाई म्हणाली, “अब्बी तो एक बूंद बी नै गिरी. रहने दो ना.”

मला कारण ठाऊक होतं. तिथं पाणी अडवणारी पांढरी माती कमी पडल्ती. दुसरी खेप आणायचा कंटाळा केला, शेतातली काळी माती दोन पाट्या दडपली अन् वरून पांढरी फिरवली. काळी माती वाळली की भेगाळते, हे मला कुणी शिकवायची गरज न्हाई. बायकोनं माझ्या तोंडाकडं बघितलं अन् सगळं ओळखलं.

“आपा, हा कोपरा आमच्या हातून बिघडला. उद्या सकाळी खोलून नवा करून देतो. तवर पेटी इकडं सरकवा.”

“तुम्हारे मियां तो बोले, हो गया.”

“त्यांचं काय, वरून सगळं झालेलंच दिसतं.”

दोघी हसल्या. वाटेत मी म्हणालो, “गिऱ्हाइकापुढं माझी लाज काढली तू.”

“काढली न्हाई, राखली. पाऊस आल्यावर तीच बोलली असती, मंग?”

मी तणतणतच पुढं निघालो. तिला उत्तर आता द्यावं वाटतं.

दुपारी घरी येऊन ती भाकरी थापायला बसली अन् बसल्या जागी कलंडली. माणसं धावून येईपर्यंत संपलं होतं. दिवस मावळायच्या आत तिला नदीवर नेऊन आलो.

सकाळी मी पाटी-कुदळ उचलली. भाऊ दारात आडवा आला. “सुतकात कामाला जातो? लोकं काय म्हणतील?”

“तिनं सकाळचं सांगितलंय,” म्हणालो अन् निघालो.

बाईला कळलं होतं. “भाई, आज काइको आए?” म्हणत तिनं पदर तोंडाला लावला. मी वर चढलो. कोपरा खोलला, काळी माती खरवडून काढली, नवी पांढरी भरली, चोपली, तीन घागरी ओतल्या. पाणी मुरेस्तोवर खाली तिच्या जागेवर जाऊन बसलो. माझंच काम मी असं खाली बसून कधी बघितलं नव्हतं. उठून फळीला हात लावला. कोरडी. तिची काठी भिंतीला टेकून तशीच होती. वर कुणी न्हाई हे ठाऊक असून ती उचलली अन् फळीवर एकदा ठोकली.