दिसला नाही तर लाल

मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. अजूनही नाही. तरी वयाच्या बाविसाव्या वर्षापासून पुढची काही वर्षं मी दर आठवड्याला तीन-तीन तास अंधारात, लाकडी खुर्चीवर बसून काढले, याचं माझ्या माणसांना अजून नवल वाटतं. कारण साधं होतं. पुण्याच्या एका साप्ताहिकात मी नव्या सिनेमांवर चार-चार ओळींचे अभिप्राय लिहीत होते.

चारच ओळी का, तर संपादकांनी पहिल्याच पत्रात बजावलं होतं की पोस्टकार्डावर मावेल तेवढंच पाठवा, पाकीट फोडायला इथं कुणाला वेळ नाही. मला ते पथ्यावरच पडलं. लांबण लावणारी माणसं मला तेव्हाही सोसत नसत. खाली सही ‘एक प्रेक्षक’. त्यामुळं हा कुणी पुरुष आहे आणि तो पुण्यात राहतो, असं सगळेच धरून चालत. मी शिरूरला मिशनच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. आमच्या मोठ्या बाईंना सिनेमाचा तिटकारा होता, पण त्याच साप्ताहिकातले माझे अभिप्राय त्या शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवत आणि म्हणत, “बघा, या माणसाला तरी अक्कल आहे.” मी मान खाली घालून वह्या तपासत असे.

तोंडाची मी फटकळ. ‘नायक तीनदा मरता मरता वाचतो. तिसऱ्या खेपेला आपण मरतो.’ ‘आठ गाणी. त्यांतली सहा बागेत. माळ्याचं काम चांगलं.’ असलं काहीतरी लिहायचं आणि मोकळं व्हायचं. एखाद्यानं वर्षभर घाम गाळून केलेलं काम मी एका ओळीत निकालात काढी आणि वर शांत झोपे. बावीस वर्षांच्या माणसाला सगळं दिसत असतं.

शनिवारी शाळा सकाळची. साडेदहाला घंटा झाली की मी पिशवी उचलून स्टँडवर पळे. दौंडची एसटी न्हावऱ्याला हटकून थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर निवांत चहा प्यायचे आणि मी गाडीत पाय हलवत बसायची. दौंडला रेल्वे कॉलनीत आमचं घर. बाबा मालगाडीच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. आईबाबांची मी एकुलती एक. जेवून आम्ही दोघं तीनच्या खेळाला जात असू. आई कधी आली नाही. ती म्हणे, “रडायचंच असंल तर मी घरी कांदं चिरीन.”

गावातलं थिएटर म्हणजे पत्र्याची लांबोडी शेड. दुपारी तापली की माणसं भाजून निघत. बाबांना त्याचं काही नव्हतं, इंजिनाच्या भट्टीपुढं आयुष्य गेलेलं. आम्ही मधल्या वाटेच्या कडेला बसत असू, कारण पाय पसरायला जागा लागे, त्यांनाही आणि मलाही. घरी ताटावर बसलो तरी आमचे दोघांचे पाय हलत. आई दर वेळी ओरडे, “पाय हलवू नका, घरात दळिद्र येतं.”

सिनेमा सुरू झाला की मी बोलत राही. गप्प बसणं रक्तातच नाही. “आला बघा दाढीवाला. आता जिना चढतोय. हातात पत्र आहे.” मी हळू आवाजात म्हणे आणि बाबा तितक्याच हळू म्हणत, “जिना. पत्र.” ही इंजिनावरची रीत. सिग्नल दिसला की भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमननं ओरडून सांगायचं आणि ड्रायव्हरनं ते परत म्हणायचं, म्हणजे दोघांनीही पाहिलं याची खात्री. मी लहान असताना रूळ ओलांडायलाही त्यांनी मला असंच शिकवलं होतं. मी म्हणायचं, “डावीकडं मोकळं,” ते म्हणायचे, “मोकळं,” आणि मगच पाय टाकायचा. एकदा धुक्यात मी नुसतंच अंदाजानं ‘मोकळं’ म्हटलं, तर त्यांनी माझा कान धरला होता. “दिसलं का तुला? न्हाई ना? मंग? सिग्नल दिसला न्हाई तर लाल समजायचा आन् थांबायचं. ह्यो कायदा हाय पोरी, अंदाज न्हाई.”

थिएटरातून घरी येताना बाबा आधी आपलं मत सांगत, मग मी माझं. वाद होई. पुष्कळदा त्यांचीच ओळ माझ्या ओळीपेक्षा बरी असे आणि मी ती निर्लज्जपणे उचले. रविवारी सकाळी स्टेशनवर जाऊन पुण्याकडं जाणाऱ्या मेलच्या टपालाच्या डब्यात कार्ड टाकलं की आठवड्याचं काम संपलं.

आमच्या या शनिवारांच्या शेवटच्या वर्षी बाबांच्या ओळी बदलल्या. ‘हिरॉइनीचा आवाज गोड हाय.’ ‘पावसाचा आवाज खरा वाटला.’ कपडे, चेहरे, घरं, यांतलं काही नाही. रंगीत सिनेमे येऊ लागले तर म्हणाले, “रंगाचं काय एवढं?” मला वाटलं, बाबा म्हातारे व्हायला लागले. त्याच सुमाराला एक सिनेमा आला, त्यात नायिका आंधळी. मी लिहिलं, ‘नायिका आंधळी. कॅमेरावाला तिच्याहून.’ मला ती ओळ फार आवडली होती. मी ती वाचून दाखवली तेव्हा बाबा हसले नाहीत. म्हणाले, “येवढी वळ काढून टाक.” का, ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ओळ तशीच गेली आणि छापून आली. ती आजही आठवली की मला माझी लाज वाटते.

मग तो घोड्याचा सिनेमा. खरं तर त्यात घोडा नव्हताच. तद्दन रडका सिनेमा, सासरी निघालेली नायिका बैलगाडीत बसते आणि गाडी पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडं जाता जात नाही. मी कंटाळून गेले होते. गंमत करावी म्हणून म्हटलं, “निघाली बाई. पांढऱ्या घोड्यावर बसून.”

“पांढरा घोडा,” बाबा म्हणाले.

मी ते हसतील म्हणून वाट पाहिली. ते समोर बघत होते. मला वाटलं, मुद्दाम माझीच फिरकी घेताहेत. घरी येताना ते म्हणाले, “येकूण शिनेमात त्या घोड्यानंच तेवढं नीट काम केलं. दुडक्या चालीनं कसा ग्येला, आवाज आला की न्हाई?”

त्या दिवशी मी वाद घातला नाही. त्यांनी कारण विचारलं, तर डोकं दुखतंय म्हटलं. या माणसाच्या हातात अख्खी मालगाडी होती. पुढं फाटकं होती, स्टेशनं होती, समोरून येणाऱ्या पॅसेंजर होत्या.

बाबा अंघोळीला गेले तसं मी आईला गाठलं. ती तांदूळ निवडत होती.

“आई, बाबांना दिसत नाही.”

तिचा हात थांबला नाही. “मला कवाचं ठावं हाय. चर्चमधी कुठलंबी पान उघडून धरत्यात आन् गीत पाठ म्हंतात.”

“मग गाडी कशी चालवतात?”

“फायरमन जुना हाय. धा वर्सं संगं हाय. त्यो वरडून सांगतो.”

“आणि डोळ्यांची तपासणी?”

“त्यो तक्ता त्यास्नी पाठ हाय.”

मी तिच्यावर ओरडले. शेजारी ऐकतील म्हणून तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, “इंजिनावरनं उतारला की मानूस घरात बसतो, बाय. त्यो घरात बसायचा मानूस हाय का? धा दिवसांत जाईल. तू काय बी बोलू नगंस.”

तो आठवडा शिरूरला मी कसा काढला, माझं मला माहीत. मुलं पाढे म्हणत आणि मी खिडकीशी जाई, तिथून दाराशी येई, परत खिडकीशी. एका पोरानं विचारलं, “बाई, तुमचं काही हरवलंय का?” संध्याकाळी घोड नदीच्या कडेनं चालत सुटायची ते पाय दुखेपर्यंत. रोज मी बाबांना पत्र लिहायला बसे. ज्या बाईनं चार ओळींत भल्याभल्यांचे कपडे उतरवले होते, तिला ‘बाबा, तुम्हाला दिसत नाही, गाडी चालवू नका’ एवढं एक वाक्य लिहिता येईना. अर्ध्यावर आलं की हात थांबे आणि आईचं ‘धा दिवसांत’ आठवे. पाच पोस्टकार्डं फाडली.

शनिवारी दौंडला पोचले तर दारातच त्यांची ड्यूटीवर न्यायची लोखंडी पेटी. आईनं आत भाकरी, चटणी बांधून ठेवली होती. उद्या पहाटे गाडी होती. बाबा म्हणाले, “जुन्या फायरमनला बढती मिळाली. उद्यापास्नं नवं पोरगं हाय संगं. वाडीचं कुठलं तरी. शिकंल हळूहळू.” आईनं माझ्याकडं बघितलं. आता सांगायचं तर आजच, हे आम्हां दोघींनाही कळलं. पण ती चुलीकडं वळली आणि मी चप्पल घातली.

सिनेमा सुरू झाला आणि मी तोंड मिटून घेतलं.

ठरवून केलं असं म्हणवत नाही. घोडा म्हणायचं की बैल, हे मला पुन्हा कधी ठरवायचंच नव्हतं. पडद्यावर कुणी दार उघडलं, कुणी जिना उतरलं. बाबा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “काय चाललंय?”

मी पडद्याकडंच बघत राहिले.

“बोल की पोरी.”

मी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. मागच्या रांगेतून कुणीतरी शुक शुक केलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. एका जागी थिएटर हसलं, आणि ते हसणं ऐकून बाबाही हसले, जरा उशिरा. त्या उशिराच्या हसण्यानं मला रडू फुटलं. अंधार होता म्हणून बरं, असं मनात आलं आणि मग कळलं, अंधाराचं इथं काही कारणच नाही.

खेळ सुटला. बाहेर सहाचं ऊन तिरपं डोळ्यांवर येत होतं. बाबा दाराच्या चौकटीला धरून जरा उभे राहिले, मग निघाले. घरच्या वाटेवर मालडबे उभे करायच्या साइडिंगचे दोन रूळ ओलांडावे लागत. रुळांपाशी ते थांबले, माझ्या ‘मोकळं’ची वाट बघत.

“बाबा,” मी म्हटलं, “गेल्या शनिवारी घोडा नव्हता. बैलगाडी होती.”

लांब इंजिनांच्या शेडकडं एक इंजिन वाफ सोडत होतं.

“बैल कसलं हुतं?”

“पांढरे.”

“मंग निम्मं बराबर हुतं की.” ते हसायला गेले, पण हसू तोंडावर धरेना. मग खालच्या आवाजात म्हणाले, “त्ये नवं पोरगं. भेलं आन् कायबी वरडलं तर मी तेच म्हननार. घोडा म्हनलं तर घोडा.”

मी रडत होते. ते पुढं सरकेनात. एरवी याच जागी मी त्यांना विचारत असे ते मी विचारलं, कारण दुसरं काही सुचलंच नाही.

“आजचा सिनेमा कसा होता?”

“दिसला न्हाई,” बाबा म्हणाले.

आपण काय बोललो ते त्यांनी स्वतःच ऐकलं असावं. त्या कायद्याचं पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. त्यांनी हात पुढं केला, मी तो धरला. “डावीकडं मोकळं,” मी म्हटलं. “मोकळं,” ते म्हणाले. आम्ही रूळ ओलांडले.

घरी आल्यावर त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि आईला म्हणाले, “भाकरी भाईर काढ. आज घरीच खातो.” मग धुतलेला सदरा घातला आणि मला घेऊन ड्यूट्या लावणाऱ्या फोरमनच्या घरी गेले. मी बाहेर पायरीशी उभी होते. आतून त्यांचं बोलणं ऐकू आलं. “सायेब, मला सिग्नल दिसत न्हाईत. उद्या मला गाडीवर घालू नका.” मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि फोरमन म्हणाले, “बसा मामा, आधी बसा.”

परत आलो तेव्हा आईनं पेटीतली भाकरी ताटात वाढून ठेवली होती. आम्ही तिघं जेवायला बसलो. बाबांनी भाकरी चाचपून तिचा तुकडा मोडला. त्यांचा पाय हलायला लागला. माझाही हलत होता. आईनं आधी त्यांच्या पायाकडं पाहिलं, मग माझ्या. त्या दिवशी ती ओरडली नाही.